शून्य कुठं धरायचं? घरच्या सीएनसीवर जॉबचा ऑफसेट घेताना

आमच्या जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. तिथं माझी ३०१८, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलवरून लाकूड कोरणारी छोटी सीएनसी मशीन असते. तिच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला एक क्लॅम्प टांगलाय, त्याच्या डोक्यावर अर्धा इंच चर पडलाय. पहिल्या आठवड्यातली कमाई ती. सागवानाची पाटी बसवली, डाव्या कोपऱ्यावर बिट (कोरणारं हत्यार) आणून झोकात शून्य दाबलं, फाइल सोडली. फाइलमधलं शून्य मात्र पाटीच्या मधोमध होतं. अर्धं नाव पाटीच्या बाहेर कोरायला बिट निघाला, वाटेत क्लॅम्प आला. कर्रर्र आवाज झाला, बिटाचं टोक कुठं उडालं ते अजून सापडलेलं नाही.

खालच्या मजल्यावरचे मामा चिंचोळी एमआयडीसीत बरीच वर्षं व्हीएमसी, म्हणजे कारखान्यातली मोठी सीएनसी, चालवायचे. आवाज ऐकून वर आले, क्लॅम्प हातात घेतला आणि म्हणाले, "काय करालास बे? ऑफसेट घेतलास का नुसतं शून्य दाबलास?" मला दोन्ही एकच वाटत होतं. पुढं महिनाभर त्यांनी शिकवलं आणि मी चुका केल्या, त्यातलं कामाचं तेवढं इथं लिहितोय. सगळं जीआरबीएल हा प्रोग्राम असलेल्या कंट्रोलरवर, म्हणजे कमांड वाचून मोटर फिरवणाऱ्या बोर्डवर, चालणाऱ्या छोट्या मशीनसाठी आहे. मोठ्या मशीनवर कल्पना हीच, बटणं वेगळी.

एक खुलासा. कमांड मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना जी, एक्स, वाय, झेड, एल, पी, एफ ही इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे घ्यायचे.

आधी ही दोन शून्यं वेगळी करा

पाव्हण्याला पत्ता दोन तऱ्हेनं सांगता येतो. "स्टेशनपासून अमुक इतकं" हा एक. "आमच्या घरासमोरनं तिसरं दुकान" हा दुसरा. स्टेशन हलत नाही. घर मात्र भाड्याचं असेल तर बदलतं, आणि तिसरं दुकानही बदलतं.

मशीनचं शून्य म्हणजे स्टेशन. जॉबचं, म्हणजे मशीनवर बसवलेल्या लाकडाचं, शून्य म्हणजे तुमचं घर. स्टेशनपासून घरापर्यंतचं अंतर म्हणजे ऑफसेट. फाइलमध्ये "एक्स ४० ला जा" असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते घरापासूनचे ४० मिलिमीटर असतात (एक्स म्हणजे डावं-उजवं, वाय पुढं-मागं, झेड वर-खाली). कंट्रोलर त्यात ऑफसेट मिळवून स्टेशनपासूनचं अंतर काढतो आणि मोटर फिरवतो.

अशी सहा "घरं" जीआरबीएलमध्ये साठवता येतात: जी५४ पासून जी५९ पर्यंत. मशीन चालू केल्यावर आपोआप जी५४ लागू असतं. बहुतेकांचं आयुष्य जी५४ वरच जातं आणि त्यात काही बिघडत नाही.

काय काय लागेल

- व्हर्नियर कॅलिपर. डिजिटल असेल तर सेल तपासा.
- सुताराचा छोटा गुण्या.
- ३.१७५ मिमीची गोल पिन. तुटलेल्या बिटाची दांडी चालते, म्हणून तुटलेले बिट टाकू नका.
- झेरॉक्सचा साधा कागद. जाडी साधारण ०.१ मिमी.
- प्रोब प्लेट (बिट टेकला की मशीनला कळवणारी धातूची प्लेट) असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.
- बेडवर टाकायला एमडीएफचा तुकडा, दुतर्फी टेप, क्लॅम्प.
- डोळ्यांना गॉगल. एमडीएफ कापत असाल तर मास्कही.
- वही. मोबाइलमधली नोंद नको, मशीनशेजारी दोरीनं बांधलेली वही.

## १. मशीनला होमिंग आहे का ते बघा

या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे आणि नवशिक्यांना नेमकी हीच कुणी सांगत नाही.

होमिंग म्हणजे मशीन स्वतः कडेला जाऊन लिमिट स्विच दाबतं आणि "हे माझं स्टेशन" असं ठरवतं. कन्सोलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कमांड टाइप करायच्या चौकटीत, डॉलर चिन्ह आणि एच असं दिलं की ते होतं. त्यासाठी स्विच बसवलेले हवेत आणि सेटिंग डॉलर २२ ची किंमत १ हवी. ३०१८ च्या स्वस्त मॉडेलांना बऱ्याचदा स्विच नसतात.

स्विच नसतील तर मशीन चालू करताना बिट जिथं उभा असेल तेच मशीन स्टेशन समजतं. आज सकाळी डाव्या कोपऱ्यात, उद्या मधोमध. आता गंमत बघा. जी५४ चा ऑफसेट मात्र कंट्रोलरच्या मेमरीत कालचाच राहतो, वीज बंद केली तरी पुसला जात नाही. म्हणजे घरापर्यंतचं अंतर कालचं आणि स्टेशन आजचं. स्क्रीनवर एक्स -७३.४ असले विचित्र आकडे दिसतात आणि माणूस समजतो की मशीन बिघडलं. मशीन ठीक असतं. स्विच नसतील तर मशीन चालू करताच जॉबचं शून्य नव्यानं घ्यायचं, एवढाच नियम.

स्विच असतील तर चालू केल्यावर पहिलं काम होमिंग. मग कालचा ऑफसेट आजही खरा असतो. जीआरबीएलमध्ये होम साधारण उजव्या-मागच्या वरच्या कोपऱ्यात असतं, त्यामुळे मशीनचे आकडे उणे दिसतात. घाबरू नका, ते तसंच असतं.

## २. फाइलचं शून्य कुठं आहे ते वहीत लिहा

मशीनला हात लावायच्या आधी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रश्नांची उत्तरं शोधा. एक, एक्स-वायचं शून्य कुठं: डावा-पुढचा कोपरा की मध्य? दोन, झेडचं शून्य कुठं: लाकडाचा वरचा पृष्ठभाग की खाली बेड?

मी वहीत जॉबचा चौकोन काढतो आणि शून्याच्या जागी ठिपका देतो. पोरखेळ वाटेल. पण भिंतीवरचा क्लॅम्प हा ठिपका न काढल्यामुळं तिथं आहे.

कोपरा घ्यावा की मध्य? कापून वेगळं करायचं असेल, लाकूड मोजून कापलेलं असेल, तर कोपरा. आधीच तयार गोल किंवा रंधलेल्या पाटीवर मधोमध नाव कोरायचं असेल तर मध्य. झेडसाठी माझं मत पक्कं आहे: कोरीवकामाला वरचा पृष्ठभाग, आरपार कापायला बेड. लाकूड १२ मिमी म्हणून आणलं आणि निघालं ११.६, असं नेहमी होतं. वरून मोजलं तर आरपार कापताना बिट तेवढाच बेडमध्ये घुसतो.

## ३. जॉब हलणार नाही असा बसवा

ऑफसेट कितीही बारीक घेतला आणि जॉब सरकला, तर सगळं पाण्यात. बेडवर एमडीएफ टाका, त्यावर डाव्या आणि पुढच्या बाजूला दोन पट्ट्या गुण्यानं काटकोनात स्क्रूनं मारा. हा तुमचा कायमचा कोपरा. प्रत्येक जॉब त्यात ढकलून बसवायचा.

दुतर्फी टेपवर भिस्त ठेवणाऱ्यांना सोलापुरी सूचना: मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. टेपचा गोंद मऊ पडतो आणि लांब चालणाऱ्या जॉबमध्ये पाटी केसभर सरकते. उन्हाळ्यात मी क्लॅम्पच लावतो किंवा सकाळी लवकर काम उरकतो. क्लॅम्पची उंची बघून ठेवा. फाइलमध्ये बिट ५ मिमी वरून धावत असेल आणि क्लॅम्प ८ मिमी उंच असेल, तर भेट ठरलेली.

## ४. एक्स आणि वाय

बिटाऐवजी गोल पिन लावा. बिटाच्या धारेला एका बाजूला खाच असते, त्यामुळं ती कशी वळली आहे त्यावर माप बदलतं. पिन सगळीकडून सारखी. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बंद.

३०१८ वर वायसाठी बेड हलतो, स्पिंडल नाही. म्हणून वाय अधिक दाबलं की बेड तुमच्याकडं येतो आणि नवखा माणूस गोंधळतो. कायम असा विचार करा की जॉब स्थिर आहे आणि बिटच त्याच्यावरून फिरतोय.

आता डावा-पुढचा कोपरा शून्य करायचा आहे असं समजू. कडा मोकळ्या मिळाव्यात म्हणून कोपऱ्याच्या पट्ट्या लाकडापेक्षा बुटक्या ठेवा.

पिन डाव्या कडेच्या बाहेर आणा, लाकडाच्या वरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली उतरवा, पण पट्टीला न टेकता. मग उजवीकडं सरकवत कडेला टेकवा. शेवटी जॉगची (बटणानं सरकवण्याची) पायरी ०.०५ मिमीवर आणा. टेकली कशी कळणार? पिन बोटांनी हळू फिरवत राहा, कडेला लागली की बोटाला जडपणा जाणवतो.

इथं फाइल उघडायची घाई झालेले लोक शून्य दाबतात आणि फसतात. कडेला पिनची बाजू टेकली आहे. मशीन पिनचा मध्य मोजतं. ३.१७५ मिमीच्या पिनचा मध्य कडेपासून १.५८७५ मिमी डावीकडं आहे. म्हणून कमांड अशी:

जी१० एल२० पी१ एक्स-१.५८७५

अर्थ: "मी आता जिथं उभा आहे त्या जागेला जी५४ मध्ये उणे १.५८७५ म्हण." पी१ म्हणजे जी५४, पी२ म्हणजे जी५५, असं पुढं. पुढच्या कडेला टेकवून वायसाठीही तसंच, वाय-१.५८७५. उजवी कड धरलीत तर चिन्ह अधिक होतं. चिन्ह चुकलं तर सगळं काम ३.१७५ मिमीनं बाजूला जातं. इतकी नेमकी चूक दिसली की ओळखायचं, पिनच्या व्यासाचा घोळ झाला.

मध्य शून्य हवा असेल तर व्यासाची भानगडच नाही. डावीकडं टेकवून एक्स शून्य करा. पिन वर उचला, पलीकडं नेऊन उजव्या कडेला बाहेरून टेकवा, आकडा वाचा. ८० मिमी रुंद पाटीला ८३.१७५ यायला हवा. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ४१.५८७५ वर जा आणि तिथं एक्स शून्य करा. दोन्ही बाजूंनी व्यास सारखाच लागल्यामुळं तो आपोआप कटतो. शिवाय ८३.१७५ आला नाही तर एकतर पाटी ८० ची नाही, नाहीतर टेकवण्यात चूक आहे. फुकटात तपासणी होते.

एक सापळा. काही सॉफ्टवेअरमधलं शून्याचं बटण आतून जी१० नाही, जी९२ देतं. जी९२ हा तात्पुरता ऑफसेट, जी५४ च्या वर चढवलेला. रिसेट केलं की तो उडतो आणि सकाळी नीट घेतलेलं शून्य दुपारी गायब. बटण दाबल्यावर कन्सोलमध्ये कोणती ओळ गेली ते एकदा बघून घ्या. जी९२ दिसलं तर बटण सोडा आणि वरची कमांड हातानं द्या. आधी चढलेला जी९२ उतरवायला जी९२.१. सध्या काय काय साठवलंय ते डॉलर आणि हॅश चिन्ह देऊन दिसतं. संशय आला की मी पहिल्यांदा तेच बघतो.

## ५. झेड

आता पिन काढून खरा बिट लावा. कोलेट (बिट धरणारी पकड) घट्ट करून मगच झेड घ्यायचं. आधी झेड आणि मग कोलेट आवळलं तर बिट वर-खाली झालेला असतो.

कागदाची पद्धत: कागद लाकडावर ठेवा, बिट खाली आणा, कागद मागंपुढं ओढत राहा. पायरी १, मग ०.१, मग ०.०५. कागद अडकत-सरकत यायला लागला की थांबा. पूर्ण रुतला तर जास्त खाली आलात, वर घेऊन पुन्हा वरूनच खाली या. स्क्रूतला ढिलेपणा दरवेळी एकाच बाजूला राहावा म्हणून. मग

जी१० एल२० पी१ झेड०.१

कागदाची जाडी धरली, म्हणून ०.१. अक्षरं कोरताना हा दशांश दिसतो. साठ अंशाच्या व्ही बिटानं ०.१ मिमी खोल गेलात तर रेघ सुमारे ०.११५ मिमी रुंद होते. "श्री" मधल्या बारीक वळणात ते लगेच डोळ्यांत भरतं.

प्रोब प्लेट असेल तर एक चिमटा बिटाला, प्लेट लाकडावर. कमांड द्यायच्या आधी प्लेट हातानं बिटाला टेकवा आणि सॉफ्टवेअरच्या स्टेटसमध्ये प्रोबची खूण उमटते का बघा. वायर तुटलेली असेल तर बिट थांबणार नाही, प्लेट दाबत जाईल. खूण दिसली की:

जी२१
जी९१
जी३८.२ झेड-२० एफ५०
जी१० एल२० पी१ झेड१५
जी० झेड५
जी९०

यातले १५ म्हणजे माझ्या प्लेटची जाडी. तुमची प्लेट कॅलिपरनं स्वतः मोजा, डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. शेवटचा जी९० विसरलात तर मशीन सापेक्ष मोडमध्येच राहतं. मग "एक्स० वर जा" म्हटलं तरी ते जागचं हलत नाही, आणि "एक्स१०" म्हटलं की आहे तिथून १० मिमी पुढं जातं. अलार्म ४ आला तर प्रोब आधीपासूनच टेकलेला आहे. अलार्म ५ आला तर दिलेल्या अंतरात टेकलाच नाही, बिट जवळ आणून पुन्हा करा.

आणि चिमटा काढा. स्पिंडल सुरू करायच्या आधी चिमटा काढा. मी एकदा काढला नव्हता. वायर बिटाभोवती कशी गुंडाळते ते बघायची हौस माझी तरी फिटली.

## ६. हवेत चालवून बघा

बिट आधी वर घ्या: जी९० जी० झेड५. मगच जी० एक्स० वाय०. क्रम उलटा केला तर लाकडावर ओरखडा. बिट तुमच्या वहीतल्या ठिपक्यावर आला का, डोळ्यानं बघा.

मग झेडचं शून्य मुद्दाम २० मिमी वर ठेवून, स्पिंडल बंद ठेवून फाइल चालवा. बिट हवेत नाव लिहितो. पाटीच्या बाहेर जातो का, क्लॅम्पजवळून किती फरकानं जातो, सगळं कळतं. पाच मिनिटं जातात. मी आजही नवीन फाइल असेल तर करतो. नंतर झेड पुन्हा खरं घ्यायला विसरू नका, नाहीतर स्पिंडल जोरात फिरतो आणि लाकडाला काहीच होत नाही. त्यात नुकसान नाही, घरचे हसतात तेवढंच.

## ७. बिट बदलल्यावर फक्त झेड

जाड बिटानं खोदलं, आता बारीक लावायचाय. नवा बिट कोलेटमध्ये वेगळ्या उंचीवर बसणार, म्हणून झेड पुन्हा. एक्स-वायला हात लावायचा नाही. अनेक सॉफ्टवेअरमध्ये "सगळे अक्ष शून्य" असं बटण झेडच्या बटणाशेजारीच असतं. सवयीनं ते दाबलं गेलं की अर्ध्या जॉबवर जागा गेली. म्हणून एक्स-वाय घेतल्यावर मी वहीत मशीनचे आकडे लिहून ठेवतो.

आणखी एक. जीआरबीएलची मूळ सेटिंग असेल तर हालचाल थांबली की मोटरची पकड लगेच सुटते. कोलेटची चावी आवळताना स्पिंडल किंवा बेड हाताच्या जोरानं सरकतो आणि मशीनला पत्ताही लागत नाही. सेटिंग डॉलर १ ची किंमत २५५ केली की मोटर कायम धरून राहते. मोटर थोडी गरम होते, चालतं.

## ८. मध्येच लाइट गेली तर

जाणारच. पावसाळ्याच्या तोंडाला तर हमखास.

होमिंग असेल तर सोपं: मशीन चालू करा, आधी बिट जॉबमधून हातानं वर काढा, होमिंग करा, जी५४ मेमरीत आहेच. होमिंग नसेल तर माझी युक्ती अशी. एमडीएफच्या एका मोकळ्या कोपऱ्यात मी ३.१७५ मिमीच्या बिटानं सरळ खाली एक भोक पाडून ठेवलंय. जॉब सुरू करायच्या आधी त्या भोकाचा जी५४ मधला आकडा वहीत लिहितो, उदाहरणार्थ एक्स २१० वाय ५. लाइट आली की पिन लावून त्या भोकात अडखळल्याशिवाय उतरेपर्यंत जॉग करायचं आणि तिथं जी१० एल२० पी१ एक्स२१० वाय५ द्यायचं. जॉबच्या कडा कापून गेलेल्या असल्या तरी शून्य परत मिळतं. मग बिट लावून झेड घ्यायचं, न कोरलेल्या भागावर.

अगदी शंभर टक्के तीच जागा येत नाही. वीज परत आल्यावर मोटर जवळच्या ठरलेल्या जागी झटका देऊन बसते. २०० पायऱ्यांची मोटर आणि एका फेऱ्यात ४ मिमी सरकणारा स्क्रू असेल तर हा फरक ०.०४ मिमीपर्यंत जाऊ शकतो. त्यात भोकात पिन बसवण्यातली ढिलाई वेगळी. पाटीला चालतं, पीसीबीला (सर्किट बोर्डाला) नाही.

## ९. जी५५ कधी वापरायचं

इतक्यात नको. पण एकसारख्या पाट्यांची ऑर्डर आली की उपयोग कळतो. आमच्याकडं शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतनं मराठी नावाखाली तेलुगू ओळ असलेल्या पाट्या मागतात. मी बेडवर १२० मिमीच्या दोन पाट्या शेजारी बसवतो. डावीचा कोपरा जी५४ ला, उजवीचा जी५५ ला, म्हणजे वरच्याच कमांडमध्ये पी१ ऐवजी पी२. एकच फाइल, पाटी दोन. झेड दोन्हीकडं वेगवेगळा घ्यायचा, कारण दोन लाकडं एका जाडीची निघत नाहीत.

एल२ आणि एल२० मध्ये गल्लत करू नका. एल२० म्हणजे "मी उभा आहे त्या जागेला हा आकडा दे". एल२ म्हणजे "मशीनच्या शून्यापासून एवढ्या अंतरावर घर बांध". एल२ होमिंगवाल्यांसाठीच.

माझी दोन लाकडं ज्यानं गेली ते असं. कन्सोलमध्ये जी५५ टाइप केलं, निवांत फाइल सोडली, आणि बिट उजव्या पाटीऐवजी डाव्या, आधीच कोरून झालेल्या पाटीवर गेला. फाइलच्या डोक्यावर सॉफ्टवेअरनं स्वतःहून जी५४ लिहिलेलं होतं. ते खोडून दुसऱ्यांदा केलं तरी पुन्हा तेच, कारण त्याआधी एक छोटी फाइल चालवली होती आणि तिच्या शेवटी एम३०, म्हणजे फाइल संपल्याची कमांड, होतं. एम३० आलं की जीआरबीएल परत जी५४ वर येतं. रिसेट केल्यावरही तसंच. आता मी फाइल नोटपॅडमध्ये उघडून वरच्या चार-पाच ओळी वाचतो, आणि उजव्या पाटीसाठी जी५५ फाइलमध्येच लिहून तिला वेगळ्या नावानं ठेवतो. "उजवी" असं नाव आहे तिचं.